घरगुती तोफखाना

दुकानात तयार मिळणारी वस्तू घरी करण्यात जो आनंद आहे, तो अर्थशास्त्राच्या कुठल्याही कोष्टकात बसत नाही. साधा आकाशकंदील घ्या. बाजारात गेलं तर पाच मिनिटांत सुबक कंदील हातात पडतो. पण घरात बांबूच्या कामट्या आल्या, पातेल्यात खळ शिजली, घोटीव कागदाचे तुकडे सतरंजीभर झाले आणि कात्रीवरून दोन भावंडांची जुंपली, म्हणजे दिवाळी आली असं वाटतं. एवढं करून कंदील वाकडाच होतो. शेजारीपाजारी ‘यंदा वेगळा आकार केलाय वाटतं!’ असं म्हणून आपली लाज राखतात. घरी केलेल्या वस्तूला खर्च दुकानातल्या दुप्पट आणि रूप निम्मं, हे त्रैराशिक ठरलेलं आहे. तरीही माणूस वस्तू घरी करतोच.

हा नियम अखिल मानवजातीला लागू आहे याचा पुरावा मला ओहायो राज्यातल्या एका गॅरेजमध्ये मिळाला. गॅरेज आमच्या चिरंजीवांचं. अमेरिकेत गॅरेज म्हणजे मोटार ठेवायची जागा, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोटारी बाहेर बर्फात कुडकुडत उभ्या असतात. आत असतात जुने गालिचे, तीन सायकली, गवत कापायचं यंत्र आणि ज्याचं कव्हर हरवलं आहे पण स्क्रू सापडले आहेत असं काहीतरी. आपल्या माळ्याला शटर लावून तळमजल्यावर आणलं की अमेरिकन गॅरेज होतं.

या गॅरेजमध्ये आमचा चौदा वर्षांचा नातू तोफ करत होता.

तोफ हा माझा शब्द. तो ‘लाँचर’ म्हणतो. त्याला पेंटबॉल नावाच्या खेळाचं वेड आहे. जिलेटिनच्या पातळ कवचात रंग भरलेली, चिंचोक्याएवढी गोल गोळी बंदुकीसारख्या यंत्रातून एकमेकांना मारायची. गोळी अंगावर फुटली, रंग लागला, की तो गडी बाद. आपण लहानपणी नाक दाबून शार्क लिव्हर ऑइलच्या गोळ्या गिळायचो ना, त्याच कुळातली ही गोळी; फक्त ती पोटातून न जाता हवेतून जाते. व्यास पाऊण इंचाहून किंचित कमी, ०.६८ इंच. वजन जेमतेम तीन ग्रॅम. पण वेग सेकंदाला तीनशे फुटांपर्यंत, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगाने माझ्या माहितीत फक्त सोसायटीतली बातमी जाते.

या खेळाचा जन्म मोठा मजेदार आहे. अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीने रंगाच्या गोळ्या मारणारं एक पिस्तूल विकायला ठेवलं होतं. रानात कुठलं झाड तोडायचं आणि कळपातली कुठली गाय वेगळी काढायची, यावर लांबून खूण करण्यासाठी. म्हणजे सरकारी कचेरीत रबरी शिक्का जे काम करतो, तेच हे पिस्तूल रानात करी. पुढे चार्ल्स गेन्स नावाचे लेखक आणि हेज नोएल नावाचे शेअर दलाल यांच्यात वाद पेटला की रानात टिकाव कोणाचा लागेल, शहरातल्या चलाख माणसाचा की रानात मुरलेल्या माणसाचा? आपल्याकडे असला वाद चहाच्या तिसऱ्या कपावर मिटतो. यांनी बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राला घेऊन नियम बनवले आणि २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर या गावी बारा माणसं पिस्तुलं घेऊन रानात शिरली. चार ठिकाणी चार रंगांची निशाणं. प्रत्येक रंगाचं एकेक घेऊन जो आधी बाहेर पडेल तो जिंकला. जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा, जंगलात काम करणारा माणूस. त्याने म्हणे एकही गोळी झाडली नाही. इकडे बाकीचे एकमेकांना रंगवत होते आणि हा आपला मुकाट्याने निशाणं गोळा करून बाहेर आला. प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असतो आणि शेवटी साहेब तोच होतो.

त्या पहिल्या गोळ्यांत ऑइल पेंट असायचा. झाडासाठीच केलेला तो. अंगावरून काढायला टर्पेंटाइन लागे. हे वाचून मला आमच्या वाड्यातल्या रंगपंचमीला सिल्व्हर पेंटचा डबा घेऊन फिरणारी दोन कार्टी आठवली. पुढे अमेरिकेने पाण्याने धुऊन निघणारा रंग शोधला. ती कार्टी मात्र शेवटपर्यंत सुधारली नाहीत.

आता तोफेचं प्रयोजन सांगतो. या खेळाचा एक मोठा अवतार असतो. शेकडो माणसं, दोन सैन्यं, सेनापती, नकाशे, आणि चक्क रणगाडे. रणगाडा म्हणजे गोल्फच्या मैदानावरच्या गाडीला प्लायवूडची पेटी चढवून, हिरवा रंग फासून, वर नळकांडं बसवलेलं वाहन. त्याला साध्या गोळ्यांनी काही होत नाही. त्याच्यावर स्पंजचं रॉकेट आदळलं पाहिजे. ते आदळलं की पंच शिट्टी वाजवतो आणि रणगाडा मेला असं जाहीर करतो. हे रॉकेट ज्यातून उडवायचं तो लाँचर. तयार लाँचर विकत मिळतो. पण मैदानावरचे मानकरी तो घरी करतात. विकतचा लाँचर घेऊन जाणं म्हणजे विकतच्या चिवड्याचा फराळ मांडण्यासारखं आहे. कोणी तोंडावर बोलत नाही, पण नजरा बोलतात.

नातवाने सामान जमवलं होतं. पीव्हीसीचा दोन इंची पाइप, दोन एल्बो, एक टी, टोप्या, चिकटवायचं सोल्युशन आणि हिरवळीवर पाणी फवारणाऱ्या यंत्राचा एक व्हॉल्व्ह. मागच्या पाइपात सायकलच्या पंपाने हवा ठासून भरायची, मग व्हॉल्व्ह एकदम उघडायचा. हवा पुढच्या पाइपातल्या रॉकेटला ढकलत बाहेर पडणार. तिकडच्या कितीतरी गॅरेजांत पोरांनी हेच केलं आहे. आकृती तर नामी होती. चिरंजीव संगणकातले इंजिनिअर; ते कौतुकाने म्हणाले, “बाबा, बघा, तुमच्या लाइनचं काम आहे.”

माझ्या लाइनचंच होतं, म्हणून तर माझ्या पोटात गोळा आला. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी बत्तीस वर्षं काढली आहेत. पाइप, व्हॉल्व्ह, वायसर आणि नगरसेवक या चार वस्तू कधी, कुठे आणि का फुटतात, हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं.

“यात हवा भरायची नाही,” मी म्हणालो.

“पण आजोबा, हे बघा ना, पाइपवर लिहिलंय. दोनशे ऐंशी पीएसआय. मी फक्त साठ भरणार.”

“ते पाण्यासाठी लिहिलंय. हवेसाठी नाही.”

“प्रेशर तर सेमच ना?”

प्रश्न बरोबर होता. बत्तीस वर्षांत एकाही ठेकेदाराने मला तो विचारला नव्हता. म्हणून उत्तर नीट देणं भाग होतं.

पाणी हा गरीब प्राणी आहे. त्याला कितीही दाबा, ते दबत नाही. आणि जे दबत नाही, ते मनात राग धरत नाही. पाण्याने भरलेला पाइप तडकला की चिळकांडी उडते, चार थेंब सांडतात, दाब उतरतो, विषय संपला. हवेचं तसं नाही. हवा दबते. निमूटपणे दबते. इतकी दबते की साहेबाला वाटतं, काय आज्ञाधारक कारकून आहे! आणि एक दिवस पाइपाला कुठेतरी केसाएवढी चीर पडते, मग इतकी वर्षं गिळलेला सगळा अपमान ती एका क्षणात बाहेर काढते. पाइपलाइनची चाचणी आम्ही पाण्याने करतो ती याचसाठी, आणि पाणी भरताना उंचवट्यावरच्या एअर व्हॉल्व्हमधून आधी हवा काढून देतो. त्यात पीव्हीसीचा स्वभाव आणखी वेगळा. लोखंड वाकतं, फाटतं. हा थंडीने आणि उन्हाने ठिसूळ होतो आणि फुटला तर काचेसारखे तुकडे करतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ साली दाबाखालच्या हवेसाठी उघड्यावर हा पाइप वापरू नये असा लेखी इशारा दिलेला आहे. पोरगं तर ती नळी खांद्यावर, गालाला टेकवून धरणार होतं.

नातवाने सगळं ऐकून घेतलं. मग हातातला पाना खाली ठेवला आणि एक शब्द न बोलता वर निघून गेला. रडला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस तो माझ्याशी इंग्रजीत बोलला. ‘येस’ आणि ‘नो’ इतकंच. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजोबाला दोन दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत.

घरात तट पडले. चिरंजीवांचं म्हणणं, “बाबा, जरा कमी हवा भरू या.” सूनबाई तटस्थ, पण तिने सोल्युशनचा डबा उचलून कपाटात ठेवला, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. आमची ही आधी नातवाच्या बाजूने. “अहो, त्या एवढ्याशा पोराने काय मागितलं तुमच्याकडे? जन्मभर लोकांना नाहीच म्हणत आलात. पाणी सोडा म्हटलं तरी नाही!” मी तिला फक्त ‘डोळा’ एवढा एकच शब्द सांगितला. पाच मिनिटांनी ती नळी कुंपणापाशी कचऱ्याच्या पिंपाजवळ उभी होती आणि हिने तिला शिवल्यावर हात धुतले होते.

पण ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. नळ बंद केल्यावर टँकर पाठवावा लागतो, हे खात्याने मला शिकवलं आहे. रात्रभर विचार केला आणि पहाटे मला पिचकारी दिसली.

पितळेची नव्हे. आमच्या लहानपणीची, बांबूची. एक पेर कापायचं, गाठीला बारीक भोक पाडायचं, आत काठीला चिंधी गुंडाळून केलेला दट्ट्या सारायचा, आणि बादलीतलं पळसाच्या फुलांचं केशरी पाणी ओढून घ्यायचं. या यंत्रात दाब साठतच नाही. जेवढं ढकलाल तेवढंच जातं. दट्ट्या थांबला की गोष्ट संपली. मग रॉकेटला ढकलायलाही हवा कोंडून कशाला ठेवायची? नळीत दट्ट्या बसवावा, त्याला रबर जोडावं, ताणून खिट्टीला अडकवावा. खिट्टी काढली की रबर दट्ट्याला ओढणार, दट्ट्या पुढची हवा ढकलणार, हवा रॉकेटला ढकलणार. नळीला चीर गेलीच, तर आवाज ‘फुस्स’. पिचकारी अधिक बेचकी, भागिले अमेरिका.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी कागदी रुमालावर आकृती काढून नातवापुढे सरकवली. त्याने ती तिरप्या डोळ्याने पाहिली. मग सरळ डोळ्याने पाहिली. मग म्हणाला, “आजोबा, दट्ट्या म्हणजे काय?” मराठी पुन्हा सुरू झालं होतं.

पुढचे आठ दिवस घरात कोणाला आमचं तोंड दिसलं नाही. दट्ट्या लाकडाचा केला. पहिल्या चाचणीत रॉकेट नळीतून बाहेर आलं आणि बुटावर पडलं. कडेने हवा निसटत होती. अशा वेळी सायकलच्या पंपात असतो तसा चामड्याचा वाटीसारखा वायसर लागतो. अमेरिकेत सगळं मिळतं; पण त्या मापाचा वायसर हवा असेल तर आठवडाभराने पोस्टाने येतो. मी शांतपणे कमरेचा पट्टा काढला. गेली अठरा वर्षं त्याने इमानाने माझी अब्रू राखली होती. त्याचे दोन गोल कापले, गोडेतेलात रात्रभर भिजवले आणि दट्ट्याच्या तोंडाला ठोकले. रबर तुटलंच तर तोंडावर येऊ नये म्हणून त्याला कापडी गवसणी घातली. ही गवसणी आमच्या हिने शिवली. म्हणजे विरोधी पक्ष मंत्रिमंडळात आला. दट्ट्या जिथे थांबतो तिथे धक्का खायला स्पंजचं कडं बसवलं.

दुसरी चाचणी, नऊ पावलं. रबराचा आणखी एक पदर लावला, सतरा पावलं. तोवर शेजारचे म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले होते. जगात कुठेही कोणी काही दुरुस्त करू लागलं, की हात मागे बांधून बघणारा एक मनुष्य तिथे उगवतोच. त्याला पासपोर्ट लागत नाही. तासभर पाहून ते म्हणाले, नळी जरा लांब करा. पुण्यात असल्या सल्लागाराला आपण मनात काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे. पण नळी फूटभर लांब केली आणि रॉकेट शिट्टी घालत एकतीस पावलं गेलं! ते गृहस्थ, नातू आणि मी असे तिघे हिरवळीवर नाचलो. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं, माझं त्यांना तेवढंही नाही. पण वायसर या विषयावर आमची उत्तम चर्चा झाली.

सामन्याच्या दिवशी आम्ही सहकुटुंब मैदानावर. दाराशी तपासणी. प्रत्येकाची बंदूक वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर झाडून बघतात आणि वेग तीनशेच्या वर गेला की बंदूक बाजूला. मला हे फार आवडलं. कमजोर आहे याची खात्री पटल्याशिवाय शस्त्राला आत सोडत नाहीत, असं रणांगण मी दुसरं पाहिलेलं नाही. मुखवटा तर रानात एक क्षणही काढायचा नाही. कोणी वर सरकवला की पंच असा ओरडतो की पाखरं उडतात. तिथे पाटी होती, त्यात हवा कोंडणाऱ्या घरगुती पाइपांना सक्त मनाई लिहिलेली होती. ती मी मोठ्याने वाचली नाही. चिरंजीवांना दिसेल अशा जागी फक्त उभा राहिलो.

पंचाने आमचा लाँचर उलटसुलट केला. “यात दाब किती?” त्याने विचारलं.

“अजिबात नाही,” नातू म्हणाला. “रबर आहे. आणि आजोबांचा पट्टा.”

पंचाने माझ्या कमरेकडे पाहिलं. मी एका हाताने पँट धरून उभा होतो. त्याने आदराने मान लववली आणि लाँचरवर पास झाल्याची चिकटपट्टी लावली.

नातू दोन तास एका खड्ड्यात पालथा पडून होता. आम्ही जाळीमागून बघत होतो. अखेर तो रणगाडा आला. प्लायवूडचा डुलता डोलारा, दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या रथासारखा. वीस पावलांवर आला तसा पोरगा उठला, खिट्टी ओढली. शीळ वाजली. रॉकेट रणगाड्याच्या बरोबर कुशीत! पंचाची शिट्टी झाली. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि प्रसंगाचं गांभीर्य ओळखून एक परत खाली नेला.

रणगाड्याचं झाकण उघडून तीन पोटसुटे गृहस्थ बाहेर आले. मला वाटलं, आता हमरीतुमरी. पण पहिला म्हणाला, “रबर कुठून आणलंस?” दुसरा दट्ट्या मागेपुढे करून बघू लागला. तिसऱ्याने नातवाला रणगाड्यात वाकून पाहायला लावलं. बिजागऱ्या, बसायची फळी, सगळं त्यांनी दोन हिवाळे खपून घरीच केलं होतं. चारी बाजूंनी लढाई चालू, आणि मधोमध विजेता आणि मृत शत्रू बिजागरीवर बोलत उभे. ती चर्चा इतकी रंगली की झाडाआडून कोणीतरी नेम धरला आणि आमच्या सेनानीच्या छातीवर नारिंगी गोळी फटकन फुटली. बाद! हात वर करून तो रानाबाहेर आला, तेव्हा मुखवट्यामागे त्याचे दात दिसत होते.

“आजोबा, बघितलंत? शिवाय ते तिघं म्हणाले, पुढच्या वर्षी त्यांच्या टँकचं दार मी करून द्यायचं!”

“अरे, पण तू बाद झालास ना?”

“हो, पण ते नंतर.”

त्याच्या छातीवरचा तो डाग पळसाच्या पाण्याच्या जवळपास होता. हिने पदराने पुसायला घेतला. मी म्हटलं, राहू दे. त्यांच्या खेळात रंग लागला की माणूस बाहेर जातो. आमच्या वाड्यात रंग लागल्याशिवाय कोणाला खेळात धरतच नव्हते. कोरडा राहिलेला तेवढा बाहेरचा. हे नातवाला सांगितलं, तेव्हा त्याने क्षणभर विचार केला, हाताला लागलेला नारिंगी रंग माझ्या गालावर ओढला आणि म्हणाला, “मग तुम्ही आत.”

परत निघताना गाडीत चिरंजीव म्हणाले, “बाबा, वाटेत तुम्हाला नवा पट्टा घेऊ या.” मी काही बोलायच्या आत मागून नातवाने विचारलं, “घरी करता येणार नाही का?”